माझ्या कुंपणावरची नारिंगी फीत

नाइवीवी, ११ जून

डुकरांच्या कुंपणावरची माझी सगळी वेल काल तू पाठवलेल्या विद्यापीठाच्या पोरांनी मुळासकट उपटली. अकरा जण होते. हातमोजे घालून आले होते, जशी काही वेल चावते. चाळीस वर्षं जपलेली वेल त्यांनी एका सकाळीत संपवली, आणि मग घाम पुसत ओळीने उभे राहिले. माझ्याकडे बघून असे हसले, की आता ही म्हातारी आपल्याला शहाळी देणार. दिली. पाहुणे आहेत, दुसरं काय करणार. पण फोडताना कोयता जरा जोरातच मारला.

विचारलं, कोणी सांगितलं उपटायला? तेव्हा त्यांची ती गोरी प्राध्यापक, गेल बाई, हिने छापील कागद पुढे केला. बाहेरून येऊन माजलेल्या झाडांची यादी. चौथ्या नंबरवर वाम्बोसुधु, म्हणजे माझी वेल. खाली बारीक अक्षरात यादी करणारीचं नाव. मी तिसरीपर्यंतच शिकले, पण ते नाव मला वाचता येतं. पाटीवर तुला ते मीच गिरवायला लावलं होतं, केलेरा.

आता नमस्कार. बुला. तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून डोळे पुसत बसू नकोस, मी काही गोड बोलायला लिहीत नाहीये.

तू सुवाला कुठल्या ऑफिसात आहेस हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या अकरांतल्या, माझ्या घरी उतरवलेल्या मुलीकडून कळलं. मार्नी नाव तिचं, ऑस्ट्रेलियाची. इतकी उंच की दारातून येताना रोज एकदा कपाळ आपटते आणि रोज दाराची माफी मागते. तिच्याबरोबर तुमच्या सूचनांचा कागद आला. पाणी उकळून द्या, माशाचे काटे काढून द्या, अंघोळीच्या वेळी डोकावू नका. बाई गं, सत्तर वर्षांत मी कोणाच्या अंघोळीत डोकावले नाही, आता काय बघायचं राहिलंय?

वाम्बोसुधु कशाला लागते ते तुला तरी सांगायला नको होतं. सात वर्षांची असताना उसाच्या कोयत्याने गुडघा फाडून घेतलास. दवाखान्याची गाडी यायला दुपार झाली असती. मी पानं चावून जखमेवर थापली, आणि तू मला अशा शिव्या दिल्यास की पाद्रीबुवा उठून गेले. तो वण अजून असेल. यादी करताना खाली गुडघ्याकडे एकदा बघायचं होतंस. गेल्या तोडणीला नऊ जण माझ्या दारात रक्त गाळत आले, त्यातले सहा नदीपलीकडचे हिंदुस्तानी. नऊच्या नऊ जण स्वतःच्या पायांनी परत गेले. यंदाच्या तोडणीला येतील त्यांच्या जखमेवर काय लावू, तुझी यादी?

मला भरपाई नको. चौथ्या नंबरवरचं नाव तू तुझ्या हाताने खोड, आणि तसं तुझ्या अक्षरात मला कळव. ऑफिसने नाही, त्या बाईने नाही. तू.

उनाइसी
(तुझी बुबू, तुझी आजी. विसरली असशील म्हणून.)


नाइवीवी, २० जून

'तू लिही' म्हणजे काय हे विद्यापीठात शिकवत नाहीत वाटतं. आलेला कागद छापील आहे, त्यावर तीन सह्या आहेत, आणि तुझी त्यात सगळ्यात लहान. 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे.' आम्ही म्हणजे कोण कोण? मी काय ऑफिसला वाढवलं का?

तुमचं म्हणणं असं की ही वेल शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेकडून आली, झाडांवर चढते, त्यांचं ऊन खाते आणि खालचं सगळं मारते. हे मला सांगतेस? दर महिन्याला तिला छाटणारी मीच ना? ती माजोरी आहे हे मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. म्हणूनच तर कुंपणावर, डोळ्यांसमोर ठेवली होती. माजोऱ्याला जवळ ठेवायचं आणि हातात कोयता ठेवायचा. मी तुलाही असंच वाढवलं.

आणि त्या फिती. उपटण्याच्या आधी आठवडाभर तुझी पोरं गावात फिती बांधत फिरत होती. मुळात इथलंच असेल त्याला निळी. आपले पूर्वज होडीतून घेऊन आले त्याला पिवळी, म्हणजे अळू, केळी वगैरे. आणि त्यानंतर जहाजातून जे जे उतरलं त्याला नारिंगी. माझ्या सगळ्या परसात निळी फीत एकच लागली, ती संडासामागच्या झाडाला. त्याचा आजवर कोणालाही काही उपयोग झालेला नाही. आंबा नारिंगी. पपई नारिंगी. मिरची, लिंबू, कसावा, सगळं नारिंगी. संध्याकाळी पान वाढताना मी मार्नीला म्हटलं, "बाळ, तुमच्या हिशोबाने आज आपल्याला उपास." ती लाजली. पण कसावा दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी गेल बाई चटईवर बसून वही भरत होती. मी मागून गेले आणि तिच्या टोपीला नारिंगी फीत बांधली. ती हसली. माणूस वाईट नाही, हे कबूल. मग एक फीत माझ्या मनगटाला बांधून घेतली आणि विचारलं, "मी कादावू बेटावरची. अठराव्या वर्षी लग्न होऊन जहाजातून इथे उतरले, सगळ्या वाटेवर ओकत. माझा रंग कोणता?" सगळे हसले. सेमिसी तेवढा हसला नाही. तो पायरीवर बसून तंबाखू वळत होता.

"वहिनी," म्हणाला, "फितींचं तू बोलू नकोस."

एवढंच. तू त्याचं नाव घेत नाहीस हे मला माहीत आहे, पण तुझा तुकाई आहे तो, तुझ्या आजोबांचा पाठचा भाऊ, आणि गावचा मुखिया अजून तोच आहे. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. तो असं का म्हणाला ते विचारू नकोस, मीही विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. कागदाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'गावाच्या रीतीप्रमाणे योग्य ती माफी मागितली जाईल.' मागितली. शुक्रवारी गेल बाई आणि ती अकरा पोरं सुलू नेसून, यांगोनाच्या मुळ्यांची मोळी घेऊन सेमिसीच्या घरी गेली. मोळी पुढे ठेवली, माना खाली घातल्या, पाठ करून आणलेलं म्हटलं. पुरुषांनी टाळ्या वाजवून मोळी उचलली, मुळ्या कुटल्या, गाळल्या, कटोरी फिरली. तासाभरात झालं ते सगळं जमिनीत गाडावं तसं पुरून मोकळे. एकदा माफी उचलली की त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, ही आपली रीत. रीत चांगलीच आहे. पण वेल माझी, कुंपण माझं, आणि माफी प्यायले सात पुरुष. मी मागच्या दाराला त्यांच्यासाठी कसावा उकडत होते.

रीत कोणी शिकवली त्या पोरांना? तूच ना? मग माफी कोणाच्या दारात न्यायची तेही सांगायचं होतंस. सेमिसीला पत्र लिहायचं नाही, पण त्याच्या दारात मोळी पाठवायला तुला चालतं.

मी ती माफी घेतलेली नाही. लिहून ठेव.

उनाइसी


नाइवीवी, ४ जुलै

चार ओळींनी भागवलंस. 'बुबू, माफी घेतली गेली, विषय संपला. यादी शास्त्राप्रमाणे आहे, मी खोडणार नाही.' पण निदान तुझं अक्षर आहे. आणि नाही म्हणायची धमक आहे, ती माझ्याकडून गेली. पण एवढ्यावर मी गप्प बसेन असं वाटलं असेल तर तीन वर्षांत तू मला पार विसरलीस.

मी सेमिसीकडे गेले. म्हटलं, "ती माफी परत कर."

"पोटातून काढून देऊ?"

"कशीही दे."

"वहिनी, पोरं आहेत. चूक झाली, डोकी खाली घालून आली, संपलं. वर्षभर चघळत बसण्यापेक्षा तासाभरात संपलं ते बरं नाही का?"

"मला कोणी विचारलं?"

त्याने हातातली कटोरी खाली ठेवली. "एकदा विचारलं होतं तुला," म्हणाला. "त्याचं मी अजून भोगतोय."

मी घरी निघून आले. गुडघा दुखत होता.

मार्नीने हे ऐकलं असणार. आपल्या बांबूच्या भिंती, त्यातून काय लपतं. दुसऱ्या दिवशी ती पहाटेच्या बसने लाम्बासाच्या बाजारात गेली आणि परत आली ती एक मुळी घेऊन. घरात आली नाही. माझ्या पायरीसमोर मांडी घालून बसली, मुळी दोन्ही हातांवर धरून. एकटी. पाठ केलेलं काही नाही, सोबतीला कोणी नाही.

मी तिच्या भोवतीने झाडलं. कपडे धुतले. डुकरांना घातलं. ती तिथेच. फोन काढला नाही, हसली नाही, पाय बदलला तोही मी आत गेल्यावर. ऊन तिच्या नाकावर आलं, नाक लाल झालं. असं हातांवर काहीतरी धरून बसलेलं माणूस मी याआधी एकदा बघितलंय. म्हणून मला बाहेर यायला दुपार झाली. नाहीतर लवकर उठवली असती.

जेवणवेळेला मी बाहेर येऊन टाळी वाजवली आणि मुळी उचलली. "पुरलं," म्हटलं. ती रडायला लागली, तेव्हा म्हटलं, "आता रड आवर, नारळ खवायचाय."

खवताना ती सहज बोलून गेली, "केलेराच्या मुलीचं नावपण उनाइसीच आहे ना? तुम्हाला किती बरं वाटलं असेल."

"वाटलं ना," म्हटलं.

तिने फोनवर फोटो दाखवला. "दीड वर्षाची झाली."

"झाली ना."

मी तीन नारळ खवले. कालवणाला एक लागतो.

ज्याचं नाव ठेवायचं त्याला आधी विचारतात, केलेरा. हे तुला माहीत नाही असं नाही. तू माझं नाव न विचारता उचलून नेलंस, आणि वर मला परक्या पोरीच्या फोनमध्ये ते बघायला लागलं. विचारायला कोणी आलं नाही. का आलं नाही ते मी तुझ्याकडून ऐकणार नाही.

कान तुझे आहेत. नाक त्यांच्याकडचं. कपाळ माझं आहे, त्याला इलाज नाही.

ते मूल आपल्या गावात कधी येणार, एवढं लिही. नीट, रीतीने. बापाकडच्यांनी आणून त्याचं तोंड दाखवल्याशिवाय ते आपलं होत नाही, त्याला इथली चटई नाही की इथला घास नाही. माझ्या नावाची पोर आणि या गावाला तिचं तोंड माहीत नाही, हे मला चालणार नाही.

उनाइसी
(मोठी)


नाइवीवी, १३ जुलै

मला धमकी देतेस. 'ज्या गावाने तिच्या आजोबांचा ताम्बुआ परत पाठवला त्या गावात तिचं तोंड दिसणार नाही. तुकाई सेमिसी आहे तोवर मी नदी ओलांडणार नाही. २९ तारखेला विद्यार्थ्यांना न्यायला गाडी घेऊन येईन, पण पुलाच्या त्या बाजूला थांबेन.'

पत्र चांगलं आहे. एकही शब्द वाया नाही. फक्त माणूस चुकीचा आहे.

आता नीट वाच, आणि मध्येच थांबून नवऱ्याला वाचून दाखवू नकोस. शेवटपर्यंत एकटी वाच.

तू प्रनीलबरोबर पळून गेलीस त्याला आठवडा झाला होता. बिसुन, त्याचा बाप, माफी आणि तुझा हात मागायला आला. ऊसवाला माणूस, पण रीत कोणाकडून तरी नीट शिकून आला होता. हातात ताम्बुआ, देवमाशाचा दात, पिवळा झालेला, जुना, चांगल्या घरातला. कुठून मिळवला कोणास ठाऊक. सोबत बोलायला पलीकडच्या गावचा म्हातारा आणला होता. सकाळी अकराला सेमिसीच्या ओसरीत बसला आणि तीन वाजेपर्यंत दोन्ही हातांवर दात धरून बसला. उजव्या हाताला फडकं बांधलेलं. तोडणीचे दिवस होते, कोयता लागला असणार. फडकं लाल होत होतं आणि तो दात खाली ठेवत नव्हता.

पुरुषांचं आत ठरत होतं. सेमिसी तर कधीचाच घ्यायला तयार होता. तुझा बाप नाही, तुला मी वाढवलं, म्हणून तेवढं माझ्या कानावर घालावं असं त्याला वाटलं. त्याने मला विचारलं. हेच ते 'एकदा विचारलं होतं'.

मी मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने आले. पुरुष बसलेत तिथे उभी राहिले. म्हटलं, "ही मुलगी या घरात नाही. नसलेल्या मुलीसाठी दात कशाला घेता?"

सेमिसीने माझ्याकडे बघितलं आणि बिसुनला म्हणाला, "आम्ही घेत नाही." आम्ही. मी त्याला तसं म्हणायला सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून ते सगळ्यांच्या डोक्यावर घेतलं, म्हणजे स्वतःच्या. पुढच्या महिन्यात तू पुलावर त्याला गाठून जे बोललीस, म्हातारा तुझ्या लग्नाच्या आड आला, तुला पोरकी केली, ते सगळं तो उभ्याने ऐकत होता. मी चर्चच्या पायरीवर होते. मला ऐकू येत होतं. मी खाली आले नाही.

अजून आहे.

बिसुन निघाला. माझ्या कुंपणाशी थांबला. मला आपल्या बोलीत म्हणाला, "बुबू, दोन पानं घेऊ का? हाताला लागलंय."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ती वेल ढिगाने आहे. पानं त्याला पुलापर्यंत कुठेही मिळाली असती. त्याला पानं नकोच होती. या घरातून काहीतरी हातात पडावं, एवढंच हवं होतं. मला ते तिथल्या तिथे कळलं. मी तोंड फिरवलं. नऊ जणांचं रक्त थांबवणारी बाई मी. तो पान न तोडता गेला. मी कुंपणाकडे बघतसुद्धा नव्हते, तोडलं असतं तरी मला दिसलं नसतं. तो गेल्यावर पाहिलं, एकही देठ तुटला नव्हता.

तुझ्या अकरा पोरांनी न विचारता सगळी वेल नेली, आणि त्यांना मी शहाळी दिली.

का केलंस म्हणून विचारशील. तुला मी एकटीने वाढवलं ते ऊसवाल्याच्या चुलीपुढे रोट्या लाटायला नाही, असं वाटलं. जहाजातून आलेली माणसं, असं म्हटलं मी तेव्हा, चारचौघांत. सेमिसीला ते आठवत होतं, फितींच्या दिवशी. मला आठवत नव्हतं असं नाही.

माफी मागतेय असं समजू नकोस. चुकले असंही मी म्हणत नाही, ते तू ठरव, तू शिकलेली आहेस. मी एवढंच म्हणते की ते मी केलं. सेमिसीने नाही. मी.

आता वाच पाहिजे त्याला दाखवून.

उनाइसी


नाइवीवी, २३ जुलै

दहा दिवस झाले आणि तुझी एक ओळ नाही. ठीक आहे, तुझ्याकडून मी उत्तर मागितलंही नव्हतं. पण बसवाल्याला रोज विचारते म्हणून तो मला टाळायला लागलाय, एवढं तुझ्या कानावर असू दे.

सोमवारी मी मुळी घेऊन सेमिसीच्या दारात बसले. बायका बघत होत्या. बघू देत. तो आतून तंबाखू वळत बाहेर आला.

"हे कशासाठी?"

"तुझ्या 'आम्ही'साठी."

त्याने विडी वळून पेटवली. मग म्हणाला, "किती वेळ बसवू तुला?"

"तुला वाटेल तेवढा."

"आणि गुडघा?"

"गुडघा माझा आहे, तुला काय करायचंय."

त्याने ती विडी पुरी ओढली. हळू ओढली, मुद्दाम. तीन वर्षांची विडी होती, ओढू दिली. मग टाळी वाजवून मुळी उचलली आणि आत ओरडला, "अरे, वहिनीला उठवायला दोघं या, हिचा पाय अडकलाय." तेव्हा ते पुरलं. आता तू त्याचं नाव काढून मला काही बोलायचं नाही, आणि त्याला तर नाहीच.

तुझ्या यादीबद्दल. खोडू नकोस. माझं मन बदललं असं नाही, मला कारण सापडलं. तुझ्या पोरांनी वेल उपटून कुंपणापासून नदीपर्यंत ओढत नेली. वाटेत तुटलेल्या प्रत्येक कांडीला मूळ फुटलंय. आधी माझ्या कुंपणावर होती, आता कुंपणावर आहे, सेमिसीच्या केळींत आहे, चर्चच्या भिंतीला आहे आणि पाद्रीबुवांच्या सायकलीला आहे. गेल बाई डोकं धरून बसली. मी तिच्या हातात कोयता दिला आणि छाटायचं कसं ते दाखवलं. दोन दिवसांत तिला बरं जमायला लागलं. तेव्हा यादीत राहू दे तिला, चौथ्या नंबरवर, बाहेरून येऊन माजलेली म्हणून. खरंच आहे ते. शेजारी एवढंच लिही, की उपटून जात नाही, आणि रक्त थांबवते. दोन्ही लिही. एकच लिहिलंस तर अर्धवट शिकलीस असं मी सगळ्यांना सांगेन.

या पत्रात कागदाच्या घडीत दोन पानं आहेत. नव्या फुटव्याची. तुझ्यापर्यंत येईस्तोवर सुकतील, त्याला मी काय करू. ती तुझी नाहीत. बिसुनला दे. कशाची ते त्याला कळेल. दोनच मागितली होती, म्हणून दोनच.

त्याला सांग, त्याने तो दात विकला नसेल तर घेऊन यावा. विकला असेल तर रिकाम्या हाताने यावं. घ्यायला पुढच्या दारात मी असेन, आणि सेमिसी माझ्या मागे असेल, या वेळी तो माझ्या मागे. आधी तीन वर्षांपूर्वीचं पुरू. मग त्याने, त्याच्या बायकोने आणि प्रनीलने मुलीला आणून तिचं तोंड गावाला दाखवावं, सगळ्या रीतीने, घाईघाईत पुलावरून नाही. चटया तयार आहेत. बाजारासाठी विणल्या होत्या, असं कोणी विचारलं तर सांग. नाव चोरल्याचं आपण नंतर बघू, ती बोलायला लागली की मी तिच्याशीच बोलेन.

२९ला तू गाडी पुलापाशीच थांबव. ओलांडू नकोस, तुला मी बोलावलेलं नाही. मार्नीला सोडायला मी पुलापर्यंत येईन, आणि तुला दिसले तर दिसले. हात हलवलास तर हलवेन.

आता उत्तराचं. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. तू यात टपालवाली आहेस. प्रनीलनेही द्यायचं नाही, तो मुलगा मला आवडायला लागेल अशी भीती आहे. ऑफिसने तर नाहीच. बिसुनने द्यायचं, त्याच्या स्वतःच्या हाताने, त्या उजव्या हाताने. हिंदीत लिहिलं तरी चालेल, चाळीस वर्षं लाम्बासाच्या बाजारात त्यांच्या बायकांशेजारी बसून अळकुड्या विकल्यात, कोणाकडून तरी वाचून घेईन आणि ऐकून समजेन. हात बरा झाला का ते आधी लिहावं, बाकीचं मागून.

आणि येणार नसेल तर, नाही असंही त्यानेच लिहावं. त्याचं नाही मी दुसऱ्या कोणाच्या हातचं घेणार नाही.

उनाइसी